घाट, बेल्ट आणि बॅटरी: गाडीचा वॉटर पंप कुणी फिरवायचा?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ऐकता ऐकता मधेच फोन आला, त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना मी दोन-तीन ठिकाणी भरकटले होते, तेवढं जरा आवरून घेतलंय. मधे कुकरची शिट्टी वाजते, ती अर्थातच लिहिलेली नाही.

सुरुवात माझ्याच गाढवपणापासून करते.

गेल्या मे महिन्यात पनवेलला लग्न होतं. परत येताना टोल वाचवायचा म्हणून आम्ही खोपोलीवरून जुन्या रस्त्याने घाट चढत होतो. गाडी आमच्या आप्पांची, नव्वदच्या दशकातली डिझेल जीप. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक तिची नव्हतीच. याच गाडीतून आप्पांनी वीस वर्षं लोणावळा स्टेशनवरून टुरिस्ट उचलले आणि कार्ला, भाजे, लोहगड फिरवून परत आणून सोडले. माझ्या बी.टेक.ची फी याच गाडीने भरली. त्यामुळे घरात तिचा मान माझ्यापेक्षा जरा जास्तच आहे.

त्या दिवशी गाडी मी चालवत होते. आप्पा मागच्या सीटवर लग्नाच्या जेवणानंतरची झोप काढत होते. शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे एक ट्रेलर बंद पडलेला, त्याच्यामागे रांग. दुसऱ्या गिअरमध्ये दम खात वर आलेली गाडी अचानक जागच्या जागी उभी राहिली. टेंपरेचरचा काटा हळूहळू लाल पट्ट्याकडे सरकायला लागला. मला वाटलं, इंजिन तापतंय ना, मग बंद करू, गार होईल. किल्ली फिरवली. दोनेक मिनिटांत बॉनेटखालून फुस्स असा आवाज आला आणि वाफच वाफ.

आप्पा दचकून उठले. पहिला प्रश्न, "इंजिन कुणी बंद केलं?"

"तापलं होतं म्हणून मीच बंद केलं."

"अगं पोरी, तापलं होतं म्हणूनच चालू ठेवायचं होतं."

हे वाक्य माझ्या डोक्यात आठवडाभर फिरत राहिलं. नंतर कामशेतच्या मेकॅनिकने सांगितलं, "ताई, पंपातून पाणी गळतंय, बेअरिंगपण खेळतंय. पंप बदलावा लागेल." आणि तिथून घरात वाद सुरू झाला. माझं म्हणणं, बदलायचाच आहे तर सरळ इलेक्ट्रिक पंप लावू, कंट्रोलर आणि सेन्सरसकट. आप्पांचं म्हणणं, जसा होता तसाच बेल्टवरचा लावायचा. दोघंही हट्टी. मग मी इतिहास खणायला घेतला, आप्पांना हरवायला म्हणून. पुढे काय झालं ते शेवटी सांगते.

आधी पंप करतो काय, ते बघू. इंजिनात जळणाऱ्या इंधनाची ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा चाकांकडे जाते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुरासोबत जाते आणि उरलेली उष्णता पाण्याला, म्हणजे आजच्या भाषेत कूलंटला, उचलून न्यावी लागते. पंप हे पाणी इंजिनाच्या आतल्या पोकळ वाटांमधून फिरवतो, तापलेलं पाणी रेडिएटरमध्ये जातं, तिथे वाऱ्याने गार होतं, परत येतं. पंप म्हणजे आत एक छोटीशी पात्यांची चकती. ती इंजिनाच्या क्रँकवरून बेल्टने फिरते. इंजिन जोरात तर पंप जोरात, इंजिन हळू तर पंप हळू, इंजिन बंद तर पंपही बंद.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हे नातं हार्डकोडेड आहे. पंपाला उष्णता कळत नाही, फक्त इंजिनाचे फेरे कळतात. सपाट रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही. घाटात बिघडतं. चढ चढताना इंजिन पूर्ण ताकदीने इंधन जाळतं, धातू तापतो, आणि नेमकं तेव्हाच गाडी थांबली की फेरे हजाराच्या खाली येतात. पाणी रेंगाळतं. आणि माझ्यासारखं कुणी किल्ली फिरवली तर पाणी थांबतंच. सिलेंडरच्या भोवती अडकलेल्या पाण्यात तापलेल्या लोखंडाची सगळी उष्णता उतरते आणि ते उकळतं. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर आहे, तिथे साधं पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं म्हणून एरवी ११०-१२० पर्यंत निभावतं. झाकणाचं रबर जुनं झालं असेल तर तेही नाही. आमचं झालेलं होतं.

आता गंमत अशी की हाच प्रश्न याच घाटात पहिल्यांदा मोटारीने विचारला नाही. तो आधी रेल्वेपुढे आला होता.

बोरघाटातून मुंबई-पुणे गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना. त्यानंतर जीआयपी रेल्वेने घाटात लोहमार्गाचं काम १८५६ मध्ये सुरू केलं आणि तो १८६३ च्या एप्रिलमध्ये चालू झाला. मधल्या काळाची एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार हे काम घेऊन इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट सोडलं नाही, दोन इंजिनिअर हाताशी धरून काम पूर्ण करून घेतलं. खंडाळ्याच्या खाली बोगद्यांतून जाताना मला तिची आठवण येते. आणि ज्या हजारो मजुरांनी ते डोंगर प्रत्यक्ष फोडले त्यांची नावं कुठेच नाहीत, याचीही.

तर, वाफेचं इंजिन. त्यालाही पाण्याचा पंप लागतो, गार करायला नाही तर बॉयलरमध्ये पाणी भरायला. सुरुवातीच्या काळात हा पंप इंजिनाच्या चाकांशी किंवा पिस्टनच्या दांड्याशी जोडलेला असायचा. म्हणजे इंजिन धावेल तेव्हाच बॉयलरमध्ये पाणी जाणार. स्टेशनात जास्त वेळ उभं राहावं लागलं आणि बॉयलरमधलं पाणी उतरलं, की ड्रायव्हरला इंजिन डब्यांपासून सोडवून रुळांवर उगाच पुढे-मागे पळवावं लागे, नुसतं पाणी भरून घ्यायला! बॉयलरमध्ये पाणी कमी म्हणजे स्फोटाची भीती, त्यामुळे हे टाळता येण्यासारखं नव्हतं.

१८५८ मध्ये आँरी जिफार नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने यावर तोड काढली. इंजेक्टर नावाचं एक साधन, ज्यात फिरणारा एकही भाग नाही. बॉयलरमधलीच थोडी वाफ एका निमुळत्या नळीतून सोडायची, ती पाण्याला ओढून घेते आणि बॉयलरमध्ये ढकलते. इंजिन उभं असो की धावत असो, पाणी जाणार. पाण्याची चाल चाकांपासून सुटली. बोरघाटात सुरुंग लागत होते त्याच वर्षांतली ही गोष्ट. मला हे वाचताना जाम हसू आलं, कारण मी आप्पांना "मॉडर्न टेक्नॉलॉजी" म्हणून जे पटवत होते, त्याचं मूळ भांडण दीडशे वर्षांपेक्षा जुनं निघालं.

मोटारीने मात्र हा धडा लगेच घेतला नाही. उलट तिने मधेच पंपच काढून टाकला. १९०८ मध्ये हेन्री फोर्डची मॉडेल टी आली. पहिल्या साधारण अडीच हजार गाड्यांना वॉटर पंप होता. मग फोर्डने तो काढला. कारण तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं आणि गार झालेलं जड होऊन खाली उतरतं. नळ्या रुंद ठेवा, रेडिएटर इंजिनापेक्षा उंच ठेवा, पाणी स्वतःच फिरत राहील. याला थर्मोसायफन म्हणतात. बंबातलं गरम पाणी वर का येतं, तेच हे. पंप नाही म्हणजे पंप बिघडायचा प्रश्न नाही, गळती नाही, खर्च नाही. आणि जितकं जास्त तापेल तितकं जोरात फिरेल, म्हणजे नातं थेट उष्णतेशी! विचार केला तर हे फारच सुंदर डिझाइन आहे. दीड कोटी गाड्या याच तत्त्वावर चालल्या.

पण निसर्गाच्या भरवशावर फिरणारं पाणी हळू फिरतं. पातळी थोडी खाली गेली आणि वरच्या नळीचं तोंड उघडं पडलं की फिरणं थांबतं. इंजिनं मोठी होत गेली, ताकद वाढली, आणि उष्णता थर्मोसायफनच्या आवाक्याबाहेर गेली. १९२७ च्या डिसेंबरमध्ये मॉडेल ए आली तेव्हा फोर्डने निमूटपणे पंप परत बसवला, बेल्टवरचा. त्यानंतर जवळजवळ पाऊण शतक जगभर कुणी फारसा वेगळा विचार केलाच नाही.

आपल्याकडे ही बेल्टवाली पिढी म्हणजे फियाट. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली सुरू झाली, कारखाना कुर्ल्याला. आणि हेच वालचंद त्याआधी कंत्राटदार होते, त्यांच्या बांधकाम कंपनीने बोरघाटात रेल्वेचे बोगदे खोदले होते. म्हणजे ज्या माणसाच्या कंपनीने घाट पोखरला त्याच माणसाच्या कारखान्यातल्या गाड्या पुढे त्या घाटात बॉनेट उघडून उभ्या राहिल्या! सत्तरच्या दशकात या फियाटचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, आणि पुढे एकच बेल्ट. त्या एका बेल्टवर पंप, पंपाच्याच शाफ्टवर पंखा, आणि डायनॅमोसुद्धा. बेल्ट तुटला की पाणी, वारा आणि बॅटरीचं चार्जिंग, तिन्ही एकदम गुल.

तुमच्यापैकी अनेकांनी पद्मिनी टॅक्सी फक्त रील्समध्ये बघितली असेल, मुंबईच्या रस्त्यावरून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली. पण एक्सप्रेसवे होण्याआधी, म्हणजे २००२ च्या आधी, मे महिन्यातल्या शनिवारी खंडाळ्याच्या घाटात दर वळणावर एक तरी गाडी वाफ सोडत उभी असायची असं आप्पा सांगतात. त्यांच्या पिढीने यावर स्वतःचं एक शास्त्रच उभं केलं होतं. काटा वर गेला की एसी बंद, हीटर फुल, कारण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. थांबावं लागलं तर न्यूट्रलला टाकून अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबून धरायचा, म्हणजे पंप आणि पंखा दोन्ही जोरात फिरतात. झाकण लगेच उघडायचं नाही, उघडायचंच तर ओलं पोतं टाकून, तोंड बाजूला करून. डिकीत एक फॅन बेल्ट आणि पाण्याचा कॅन कायम. आप्पा तर म्हणतात की एकदा बेल्ट तुटल्यावर त्यांनी पायजम्याची नाडी बांधून गाडी खोपोलीपर्यंत उतरवली होती. यावर माझा पूर्ण विश्वास नाही. पायजमा कसा सांभाळला ते ते कधीच सांगत नाहीत.

एक चुकीची गोष्टही या शास्त्रात होती. गाडी तापते म्हटलं की बरेच मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून टाकायचे. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेतली झडप, इंजिन पुरेसं गरम होईपर्यंत ती रेडिएटरकडची वाट बंद ठेवते. ती काढली की घाटात थोडा दिलासा मिळतो, पण जुलैच्या पावसात, धुक्यात, लोणावळ्याहून पुण्याला जाताना इंजिन कधी नीट गरमच होत नाही. मग डिझेल जास्त, धूर जास्त, झीज जास्त. घाट उतरताना तर अजूनच. गिअरमध्ये गाडी उतरते तेव्हा इंजिनाचे फेरे चढलेले, पंप सुसाट, आणि उष्णता जवळपास शून्य. गरज नसताना पंप घाम गाळतो. आणि तो फुकट गाळत नाही बरं का. अशा पंपाचा वेग दुप्पट झाला की पाणी दुप्पट वाहतं, पण त्याला लागणारी ताकद होते आठपट. ती ताकद शेवटी टाकीतूनच येते.

इथे पुन्हा रेल्वेकडे बघावं लागतं. खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, लोणावळा, वळवण आणि शिरवत्याच्या तलावांतलं पाणी घाटाखाली सोडून त्यावर वीज. आणि १९२९-३० च्या सुमारास मुंबई-पुणे मार्ग घाटासकट विजेवर आला. गाडीची दिशा उलटवून वर चढवणारं घाटातलं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन तेव्हाच बंद झालं. १९३० च्या १ जूनला डेक्कन क्वीन धावली. तोपर्यंत हा भाग तुम्हाला ठाऊक असेलच, लोणावळ्याच्या प्रत्येक व्हिडिओत येतो. कमी लक्षात येणारी गोष्ट वेगळी. मोठ्या इलेक्ट्रिक इंजिनांमध्ये चाकं फिरवणाऱ्या मोटारी गार करायला सहसा स्वतंत्र ब्लोअर असतात, आणि त्यांना फिरवायला स्वतंत्र मोटार असते. मालगाडी घाटात मुंगीच्या पावलांनी चढत असली, तरी ब्लोअर पूर्ण वेगाने हवा मारत राहतो. आजही लोणावळा स्टेशनवर इलेक्ट्रिक इंजिन नुसतं उभं असतं आणि घोंघावत असतं, त्या आवाजात या ब्लोअरचा मोठा वाटा. मी लहानपणापासून तो आवाज ऐकतेय. "उभं राहून एवढं ओरडतंय का?" हा प्रश्न मी आप्पांना दहाव्या वर्षी विचारला होता. उत्तर अठ्ठाविसाव्या वर्षी मिळालं, घाटात गाडी उकळवून.

मोटारींना इथपर्यंत यायला एकविसावं शतक लागलं. २००४ मध्ये बीएमडब्ल्यूने आपल्या सहा सिलेंडरच्या नव्या पेट्रोल इंजिनाला इलेक्ट्रिक वॉटर पंप दिला, कमाल सुमारे २०० वॉटचा. म्हणजे घरातल्या दोन-तीन सीलिंग फॅनएवढी वीज. २००९ च्या टोयोटा प्रियसमध्ये तर इंजिनाला बाहेरून एकही बेल्ट नव्हता, पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर दोन्ही विजेवर. हायब्रिड गाडीत तो नाइलाजच आहे, सिग्नलला इंजिन बंद होतं तेव्हा पाणी कोण फिरवणार? आणि आता टाटाची नेक्सॉन ईव्ही, जानेवारी २०२० ची. तिच्यात बॅटरी गार ठेवायला द्रव फिरतो. त्या गाडीत बेल्ट लावायला इंजिनच नाही. निवडीचा प्रश्नच संपला.

आमच्याच तालुक्यात याचं एक चित्र बघायला मिळतं. तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. ही कंपनी १९२८ मध्येही मुंबईत गाड्या जोडत होती, थर्मोसायफन मागे पडून बेल्टवरचा पंप रुळत होता त्या काळात. तळेगावचा कारखाना २०२० च्या डिसेंबरमध्ये थांबला, पुढे ह्युंदाईने घेतला. माझ्या शाळेतल्या दोन मित्रांचे वडील तिथे कामाला होते. बेल्टवाल्या गाड्या बनवणाऱ्या हातांना पुढे काय बनवायला मिळेल हा प्रश्न पंपापेक्षा मोठा आहे, त्यावर कधीतरी वेगळा एपिसोड करीन.

तर आता आमच्या जीपचं काय? मी आप्पांसमोर माझा मुद्दा मांडला. इलेक्ट्रिक पंप इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला नाही. पाण्याचं तापमान बघून कंट्रोलर त्याचा वेग ठरवतो. ट्रॅफिकमध्ये जोरात, उतारावर हळू, आणि किल्ली काढल्यावरही दोन-तीन मिनिटं फिरत राहतो. माझ्यासारख्या माणसाने इंजिन बंद केलं तरी गाडी उकळणार नाही.

आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्याला वीज कोण देणार?"

"बॅटरी."

"बॅटरीला?"

"अल्टरनेटर."

"आणि अल्टरनेटर कशावर फिरतो?"

बेल्टवर. इथे मी जरा गप्प झाले, कारण हिशोब मला माहीत होता. इंजिनाची ताकद बेल्टने अल्टरनेटरला, तिथे साधारण चाळीस टक्के उष्णतेत गेली, उरलेली वायरने मोटारीला, मोटारीत आणखी थोडी गेली, मग पंप. सरळ बेल्टने फिरवणं दर फेऱ्यामागे स्वस्तच पडतं. इलेक्ट्रिक पंप वाचवतो तो गरज नसताना न फिरून. ज्या गाडीत कारखान्यातच सगळं गणित या हिशोबाने केलेलं असतं, तिथे ही बचत दिसते. तीस वर्षं जुन्या डिझेल जीपमध्ये, जिचा अल्टरनेटर हेडलाइट आणि हॉर्नपुरता बेतलेला आहे, तिथे शंभरेक वॉटचा कायमचा बोजा टाकायचा म्हणजे अल्टरनेटरही बदला, वायरिंगही बदला. एक बदल करायला गेलं की चार गोष्टी तुटतात. हे आम्हाला ऑफिसात रोजचंच.

आप्पांचा दुसरा मुद्दा मला जास्त लागला. "बेल्टवरचा पंप मरायच्या आधी सांगतो," ते म्हणाले. "बेअरिंग कुरकुरतं. खालच्या भोकातून थेंब थेंब गळतं. बेल्ट किंचाळतो. महिनाभर सांगत असतो बिचारा, ऐकणारा पाहिजे." हे खरंच आहे. पंपाच्या खाली एक बारीक छिद्र मुद्दामच ठेवलेलं असतं, आतलं सील झिजलं की पाणी तिथून बाहेर येतं, म्हणजे बेअरिंगमध्ये शिरायच्या आधी आपल्याला दिसतं. शंभर रुपयांच्या नोटिफिकेशन अ‍ॅपपेक्षा भारी. आमच्या गाडीखाली अंगणात तो हिरवट डाग मार्चपासून पडत होता. मी रोज त्याच्यावरून चालत ऑफिसला जात होते. इलेक्ट्रिक पंपाची मोटार किंवा कंट्रोलर गेला तर बऱ्याचदा तो गुपचूप जातो. नव्या गाडीचा कॉम्प्युटर ते ओळखून डॅशबोर्डवर लाल दिवा लावतो, इंजिनाची ताकद कमी करतो. आमच्या जीपला कॉम्प्युटरच नाही. तिच्यात कॉम्प्युटर म्हणजे आप्पा.

पण मी सगळंच हरले असं नाही हं. वाद घालताना एक गोष्ट उघड झाली जी आम्हा दोघांच्याही डोक्यात नव्हती. इंजिन नुसतं रेंगाळत असतं तेव्हा उष्णताही कमीच तयार होते, आणि पंप धडधाकट असेल तर तेवढ्या पाण्याने भागतं. ट्रॅफिकमध्ये खरी टंचाई असते ती वाऱ्याची. गाडी उभी, समोरून हवा नाही, आणि बेल्टवरचा पंखाही इंजिनासोबत मंदावलेला. म्हणूनच ऐंशी-नव्वदच्या दशकात छोट्या मोटारींमध्ये पंप बेल्टवरच राहिला, पण पंखा विजेवर गेला. मारुती ८०० चा पंखा सिग्नलला अचानक घर्रकन सुरू व्हायचा, आठवतं? विजेला आधी वारा सोपवला, पाणी नंतर. आम्ही ज्याला पंपाचं भांडण समजत होतो ते निम्मं पंख्याचं होतं.

कामशेतच्या मेकॅनिकने शेवटी हे केलं: बेल्टवरचा नवा पंप, नवं सील, नवं झाकण, नव्या नळ्या, नुसत्या पाण्याऐवजी नीट प्रमाणातलं कूलंट. थर्मोस्टॅट कुणीतरी कधीतरी काढून टाकलेला होता, तो परत बसवला. कुणी काढला ते आप्पांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आणि रेडिएटरच्या पुढे एक छोटा इलेक्ट्रिक पंखा, तापमानाच्या स्विचवर, रिले लावून. तो सतत चालत नाही, त्यामुळे अल्टरनेटरला झेपतो. घरात नवी गाडी घ्यायची वेळ आली तर मी बेल्टचा विचारही करणार नाही, ते आप्पांना सांगून ठेवलंय. या गाडीला मात्र तिच्या जन्माचंच इंजिन, तिच्या जन्माचाच पंप.

ऑगस्टमध्ये परत त्याच रस्त्याने आलो. शिंग्रोबाला आप्पा नेहमी थांबतात. घाटातली वाट इंग्रजांना या धनगराने दाखवली आणि बदल्यात त्याचा जीव गेला अशी आपल्याकडे लोककथा आहे. जाणारे-येणारे ड्रायव्हर त्याला नाणं टाकतात. पाऊस होता, मागे-पुढे ट्रकची रांग, गाडी चांगलीच चढून आलेली. आप्पा छत्री घेऊन उतरले. मी सवयीने किल्लीकडे हात नेला.

"हात काढ," ते खिडकीतून म्हणाले आणि देवळाकडे गेले. इंजिन चालू राहिलं. काटा मध्याच्या थोडा वर गेला, पुढून पंखा सुरू झाल्याचा आवाज आला, आणि आप्पा परत येईपर्यंत तो पुन्हा बंदही झाला होता.